पिवळ्या रेघेखालचे आकडे

शाहूपुरीत मोटारींच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे. त्याच्या माडीवर माझा क्लास होता. राउटर, स्विच, केबल यांचं शिक्षण द्यायचं आणि परीक्षेची तयारी करून घ्यायची, हा माझा धंदा. मोडीत निघालेले तीन राउटर मी मुंबईहून उचलून आणले होते. त्यातल्या एकाचा पंखा इतका घरघरायचा की शिकवताना मला आवाज चढवावा लागे.

सकाळी सातची बॅच नोकरी करणाऱ्यांची. २००५ च्या फेब्रुवारीत त्या बॅचला प्रसेनजीत शिंगे आला. वय चोवीस. वडील धोंडीराम वारणानगरला कारखान्यात फिटर, राहायला कामगार कॉलनीत. घरातलं पहिलं डिप्लोमापर्यंत शिकलेलं पोरगं. मंगळवार पेठेत दोघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा आणि दादा सरनोबतांच्या फर्ममध्ये काम करायचा. ऑफिसांतून, दवाखान्यांतून नेटवर्क बसवून द्यायचं काम. गावात तेव्हा ते जाणणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळं दादांची चलती होती.

प्रसेनजीत पहिल्या बाकावर बसायचा. वहीत सुवाच्य अक्षरात सगळं उतरवून घ्यायचा. एकदाही तो "सर, हे कळलं नाही" असं म्हणाला नाही. मला ते हुशारीचं लक्षण वाटायचं.

तिसऱ्या आठवड्यात मी 'शो इंटरफेसेस' हा आदेश शिकवायला घेतला. राउटरला तो दिला की त्याच्या प्रत्येक तोंडाची, म्हणजे केबल जोडायच्या जागेची, सगळी कुंडली पडद्यावर येते. किती माल आला, किती गेला, किती वाटेत खराब झाला, शेवटची मोजणी कधी शून्यावर आणली होती. पंचवीस-तीस ओळी. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असतो.

"ही पहिली ओळ बघा," मी म्हणालो. "इंटरफेस चालू, लाइन चालू. शंभरातले नव्वद जण एवढं वाचतात आणि उठतात. ही ओळ फक्त दार उघडं आहे एवढंच सांगते. आत काय चाललंय ते खाली लिहिलेलं असतं."

मग खालचे आकडे एकेक करून सांगितले. इनपुट एरर म्हणजे आत येताना बिघडलेला माल. त्यातले सीआरसी म्हणजे निरोप पोचला, पण वाटेत त्यातली अक्षरं बदलली, म्हणून राउटरनं तो फेकून दिला. रंट म्हणजे अर्धवट तुटून आलेले तुकडे. एक आकडा बघून काही ठरवायचं नाही, वीस मिनिटांनी पुन्हा बघायचं. वाढतोय का, ते महत्त्वाचं.

आणि मग मी मुद्दाम एक चूक करून दाखवली. राउटरचं तोंड 'फुल'वर पक्कं केलं, म्हणजे तो एकाच वेळी बोलणार आणि ऐकणार. समोरच्या स्विचला मात्र स्वतःचं स्वतः ठरवू दिलं. असं केलं की स्विच 'हाफ' धरतो, म्हणजे दुसरा गप्प असेल तेव्हाच बोलायचं. दोघांचं जमत नाही. राउटर मधेच बोलतो, स्विच अर्ध्यात थांबतो, आणि निरोप तुटतात.

"आता पिंग करा," मी म्हणालो. पिंग म्हणजे समोरच्याला हाक मारून बघणं. पाचही हाकांना ओ आली. पडद्यावर पाच उद्गारचिन्हं. "छान चाललंय ना? आता एक मोठी फाइल पाठवा."

फाइल सरकेना. दुसऱ्यांदा आदेश दिला, तर सीआरसीचा आकडा शंभरानं वाढलेला.

प्रसेनजीतचं पेन थांबलं होतं. "सर," तो म्हणाला, "असं असलं तर रोजचं काम किती मंद होतं?"

"माणूस खुर्ची सोडून उठेल इतकं."

त्यानं वही मिटली आणि क्लास अर्धा असतानाच तो जिना उतरून गेला.

पुढचे दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी बॅच सुटल्यावर आला. हातात प्लास्टिकची फाइल. त्यातून त्यानं दोन कागद काढून माझ्यासमोर ठेवले. तोच आदेश, तेच उत्तर, छापून घेतलेलं. दोन्हींवर पहिल्या ओळीला पिवळ्या मार्करची रेघ होती. मी त्या रेघेच्या खाली वाचत गेलो. पहिल्या कागदावर सीआरसी चौदा हजार दोनशे सहा. वीस मिनिटांनंतरच्या दुसऱ्यावर चौदा हजार तीनशे एक्क्याण्णव. रंट वेगळे.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"माझंच आहे, सर. रेघ पण मीच मारली."

मग त्यानं सांगितलं ते असं. एका ट्रस्टचा मोठा दवाखाना होता. त्याची रक्त-लघवी तपासणीची प्रयोगशाळा गावातल्या जुन्या इमारतीत आणि वॉर्ड गावाबाहेर नव्या इमारतीत. दोन्ही जोडायचं काम दादा सरनोबतांना मिळालं, आणि ऑगस्ट २००४ मध्ये प्रयोगशाळेतला राउटर बसवला प्रसेनजीतनं. त्याचं एकट्यानं केलेलं पहिलं काम. 'फुल' की 'हाफ' हे विचारलं तेव्हा त्यानं 'फुल' निवडलं. "फुल म्हणजे पूर्ण. अर्ध्यापेक्षा पूर्ण बरं, एवढाच विचार केला मी, सर." स्विचकडं त्यानं बघितलंच नाही.

प्रयोगशाळेत रिपोर्ट टाइप करायला चिमणाबाई साळोखे होती. सगळे तिला आक्का म्हणायचे. १९८२ साली नमुन्यांच्या बाटल्या धुवायला लागलेली बाई. नवरा गेल्यावर तिनं दहावी दिली, मग टायपिंगची परीक्षा दिली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉम्प्युटरचा सरकारी कोर्सही पास झाली. बाटल्यांपासून खुर्चीपर्यंत यायला तिला वीस वर्षं लागली होती.

नवी लाइन आली आणि तिचे रिपोर्ट अडायला लागले. टाइप केलेलं वॉर्डात पोचेना. पडदा गोठून बसायचा. मग ती फोन उचलून एकेक रिपोर्ट वाचून दाखवायची. हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन, साखर दोनशे दहा, असं दिवसभर. आणि सगळे घरी गेल्यावर तेच पुन्हा टाइप करत बसायची. वॉर्डातून डॉक्टरांच्या तक्रारी सुरू झाल्या.

डिसेंबरात प्रसेनजीत तपासणीला गेला. आक्कानं त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि शेजारी उभी राहिली.

"पोरा, सकाळी मी एकटीच असतो तवा बरं चालतंय बघ," ती म्हणाली. "धाच्या म्होरं समदी मशीनं लागली, की मरतंय. तेवढं बघ की जरा."

दोष नेमका कुठं आहे ते त्या एका वाक्यात होतं. लाइनवर गर्दी झाली की टक्कर होते, एकटा असला की होत नाही. कोणत्याही पुस्तकात यापेक्षा नीट लक्षण लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण प्रसेनजीतला वाटलं, या बाईला काय कळतंय. त्यानं पाच हाका मारून बघितल्या, पाचही पोचल्या. दादांनी सांगितलं होतं म्हणून वीस मिनिटांच्या अंतरानं दोन कागद छापले. पहिल्या ओळीवर रेघ मारली. खालचे आकडे त्याला दिसले होते. त्यांचा अर्थ त्याला येत नव्हता.

दोन दिवसांनी दवाखान्याचे व्यवस्थापक इनामदार साहेबांनी बैठक बोलावली. प्रयोगशाळेतले आक्कासकट पाच-सहा जण, वॉर्डातले एक डॉक्टर, दादा सरनोबत आणि प्रसेनजीत. इनामदारांनी थेट विचारलं, "दोष कुठं आहे?"

दादा शेजारी बसले होते. प्रसेनजीतनं कागद पुढं केले आणि रेघ दाखवली.

"लाइन ठीक आहे, सर. वापरणाऱ्याकडून काहीतरी होत असणार. त्या मशीनवर गेमपण आहेत."

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. ती म्हणाली, "जेवायच्या सुट्टीत धा मिन्टं पत्ते खेळतो मी. त्यानं रिपोर्ट अडतोय व्हय?"

इनामदारांनी बैठक संपवली.

"सर, आकडे मला कळत नव्हते, ते एक झालं," प्रसेनजीत मला म्हणाला. "पण पत्त्यांच्या गेमचा लाइनशी काही संबंध नसतो, हे मला तेव्हाही माहीत होतं."

जानेवारीत आक्काची बदली झाली. नव्या इमारतीत चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे ठेवायची खोली असते, तिथं. तिच्या नोकरीच्या पुस्तकात 'संगणकाचा गैरवापर' असा शेरा लिहिला गेला. तिच्या जागी अवंतिका नावाची बीएस्सी झालेली मुलगी घेतली.

हे सगळं ऐकून मी त्याला काय सांगितलं, ते लिहायला मला आजही अवघड जातं. मी म्हणालो, "पुढच्या खेपेला गेलास की सेटिंग बदल. दोन शब्द टाइप करायचे. कुणाला कळायचं कारण नाही. काम सुधारलं की झालं."

त्यानं ऐकलं. त्याच आठवड्यात जाऊन दोन शब्द टाइप केले. आकडे शून्यावर आणले, वीस मिनिटं थांबून पुन्हा बघितलं. सीआरसी शून्य. रिपोर्ट एका झटक्यात पोचायला लागले.

आणि तिथंच आम्ही दोघांनी हिशेबात न धरलेली गोष्ट घडली. दोन महिने अवंतिकाचंही काम अडतच होतं, पण ती नवीन आहे म्हणून कुणी बोललं नव्हतं. आता सगळं वाऱ्यासारखं चालल्यावर दवाखान्यात एकच बोललं जाऊ लागलं, की बघा, आक्का गेली आणि नेटवर्क सुधारलं. इनामदार साहेबांनी ते प्रसेनजीतला स्वतः ऐकवलं, वर त्याची पाठ थोपटली. "बरोबर दोष काढलात तुम्ही."

त्याच सुमारास तो कपड्यांच्या खोलीवरून गेला. आक्का पाठमोरी बसून चादरींच्या घड्या घालत होती. तो आवाज न करता पुढं निघून गेला. त्यानंतर त्या मजल्यावर काम असलं की तो दुसऱ्या जिन्यानं जायचा.

एप्रिलमध्ये त्यानं पुण्याला जाऊन परीक्षा दिली. हजारात नऊशे सत्तेचाळीस गुण. त्यात एक प्रश्न असाच होता. राउटरचं उत्तर दिलेलं, सीआरसी आणि रंट वाढलेले, दोष ओळखा. "दहा सेकंदांत ओळखलं, सर," तो मला म्हणाला. दादांनी ऑफिसात पेढे वाटले. त्याच्या हातातला पेढा तसाच राहिला, कागदात गुंडाळून त्यानं तो टेबलावर ठेवून दिला.

त्या रविवारी तो वारणानगरला गेला. आईनं ओवाळलं. शेजारीपाजारी येऊन गेले. वडील पायरीवर बसले होते. त्यांच्याजवळ बसून त्यानं सगळं सांगितलं. राउटर, आकडे, पत्त्यांचा खेळ, सगळं. धोंडीरामांना त्यातलं तांत्रिक किती कळलं कोण जाणे, पण त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही.

"त्या बाईला म्हाईत हाय का ह्ये?" शेवटी त्यांनी विचारलं.

"न्हाय."

"मग मला कशापायी सांगाय लागलास? तिच्याकडं जा की."

"नोकरी जाईल, बाबा."

"तिची गेलीच की," धोंडीराम म्हणाले आणि उठून आत गेले.

सोमवारी तो कपड्यांच्या खोलीत गेला. दारात उभं राहून त्यानं सांगून टाकलं. चूक माझी होती, तुमच्यामुळं काही झालं नव्हतं, मी आता दुरुस्त केलंय. आक्का घड्या घालत ऐकत होती. हात थांबले नाहीत.

"कधी केलास दुरुस्त?"

"मार्चात."

"आता मे आला." तिनं चादर बाजूला ठेवली. "आनि मला हितं एकटीला गाठून सांगतोयस व्हय? तवा तर समद्यांच्या म्होरं बोललास."

"मी साहेबांना लिहून देतो, आक्का."

"लिहून नगं. लिहिल्यालं फायलीत जातंय. तितंच जाऊन बोल. त्याच खोलीत, त्याच मानसांच्या म्होरं."

दादांना त्यानं आधी सांगितलं, तेव्हा दादा खुर्चीतून उठलेच. "येडा झालास काय रं? चाललंय ते चालू दे की! गावभर आपलं नाव जाईल. त्या बाईला मी दुसरीकडं कुठंतरी चिकटवून देतो, पण तू तोंड उघडायचं न्हाय." प्रसेनजीत म्हणाला, "दादा, मी बोलणार आहे." दादा म्हणाले, "मग फर्मच्या नावानं बोलू नको."

साहेबांनी शनिवारी पुन्हा बैठक ठेवली. तिच्या आदल्या दिवशी प्रसेनजीत माझ्याकडं आला. "सर, तुम्ही येता का बरोबर? आकड्यांचं मी सांगेन, पण तुम्ही शिकवता म्हटल्यावर त्यांना पटेल." मी म्हणालो, शनिवारी माझा क्लास असतो. शनिवारी माझा क्लास नसायचा. त्याला ते माहीत होतं. तो "बरं सर" म्हणाला.

बैठकीत काय झालं ते मला पुढं अवंतिकाकडून कळलं. नंतर तीही माझ्या क्लासला आली होती. प्रसेनजीतनं तेच दोन कागद टेबलावर ठेवले, पिवळ्या रेघेखाली बोट नेलं आणि ते आकडे काय म्हणत होते ते सांगितलं. मग म्हणाला, "हे मला त्या दिवशी वाचता येत नव्हतं. तरी मी आक्कांवर ढकललं. गेमचं जे बोललो, ते मला खोटं आहे हे माहीत असताना बोललो." भिंतीला टेकून आक्का उभी होती. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं.

इनामदार साहेब म्हणाले, "ठीक आहे, झालं ते झालं."

तेव्हा अवंतिका बोलली. "सर, मी पण दोन महिने सांगत होते की अडतंय म्हणून. तुम्ही मला म्हणालात, सवय होईल. मग आक्कांना का काढलं?"

नोकरीच्या पुस्तकातला तो शेरा खोडायला साहेबांना त्यानंतर सहा आठवडे लागले. प्रयोगशाळेतली जागा भरलेली असल्यामुळं आक्काला तिथं परत घेतलं नाही. जुलैपासून तिला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं, तिथं कॉम्प्युटर होता. प्रसेनजीतला दादांनी पुढच्याच आठवड्यात कामावरून कमी केलं. चार महिने तो घरी होता. मग वारणानगरला एका कॉलेजच्या लॅबमध्ये लागला, पगार निम्मा.

नोकरी लागल्यावर तो आक्काला भेटायला गेला. दुपारची वेळ होती, खिडकी बंद झालेली. ती डबा खाऊन हात धूत होती.

"त्ये आकडे मला दाव," ती म्हणाली.

"कशाला, आक्का?"

"माजं नाव घेऊन बोलला व्हतास न्हवं त्या कागदावर? मग मला कळाय नगं?"

त्यानं कोऱ्या केसपेपरच्या मागं दोन चौकोन काढले, एक राउटर आणि एक स्विच. मधे रेघ. दोघं एकमेकांच्या बोलण्यात कसे तोंड घालतात ते सांगितलं. फाइलमधले ते दोन छापील कागद काढून पहिला आकडा, दुसरा आकडा दाखवला. ती चष्मा लावून बघत होती. अर्ध्या तासात तिला सगळं कळलं. तिनं स्वतःच वजाबाकी केली. "वीस मिन्टांत एकशे पंच्याऐंशी," ती म्हणाली. "म्हंजे मी फोनवर बोंबलत व्हतो तवा ह्ये हितं लिहून येत व्हतं."

"व्हय."

"आनि तुला त्ये वाचाय येत नव्हतं."

"न्हाय."

"मग येत न्हाय म्हनायचं व्हतंस की."

तो चौकोनांचा कागद तिनं घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि खिडकी उघडली, कारण बाहेर माणसं जमली होती. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यानंही माफी मागितली नाही. "मागितली असती तर तिला काहीतरी म्हणावं लागलं असतं, सर," तो मला म्हणाला. "तेवढंही तिच्यावर टाकायचं नव्हतं."

आता तो कॉलेजात मुलांना शिकवतो. अधूनमधून फोन करतो, मला अजून सरच म्हणतो. त्या शनिवारचं त्यानं कधी काढलं नाही.

२००७ च्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी त्याच दवाखान्यात गेलो. केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीत चष्मा लावलेली, पांढऱ्या केसांची बाई भराभर टाइप करत होती. समोरच्या पाटीवर नाव होतं, चि. साळोखे. मी तिला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं आईचं नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला. मी सांगत गेलो. छापलेला कागद तिनं माझ्या हातात दिला.

"काय ऱ्हायलंय का, पावणं?" मी हललो नाही म्हणून तिनं विचारलं.

मागं आठ-दहा माणसं होती. आई बाकावर बसून माझी वाट बघत होती.

"न्हाय, काही न्हाय," मी म्हणालो, आणि बाजूला झालो.